पहिली डुबकी आपल्या दर्यात नको

देवबाग, ता. मालवण

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, डिसेंबरात आम्ही दोघं स्कूबा शिकायचं म्हणतोय. गायत्रीला थंडी सोसत नाही, म्हणून पाणी उबदार हवं, एवढीच अट. मालदीव, थायलंड, लाल समुद्र, अंदमान, कुठे जाऊ सांगा. नाहीतर आपलं मालवण आहेच." घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. नंतर दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी मालवणचं सांगतो, कारण तेच लिहायला जड जातंय. तुझ्या आजोबांनी जन्मभर याच किनाऱ्यावर रापण ओढली. ते म्हणायचे, "दर्याक पाठ करूची नाय." पोस्टातली सगळी नोकरी मी हाच दर्या डोळ्यांसमोर ठेवून केली. तरीही सांगतो, पहिला धडा इथे घेऊ नका.

पाणी आपलंही उबदारच आहे रे. अडचण वेगळी आहे. कर्ली नदी आणि बाकीच्या खाड्या गाळ आणून ओततात, तळ वाळू-चिखलाचा, लाट जरा उठली की सगळं ढवळून निघतं. थंडीतल्या चांगल्या दिवशी तीन-चार वाव, म्हणजे वीसेक फूट, दिसतं, एरवी हात लांब केला तर बोटं धूसर. ज्याला पाण्याखाली श्वास घ्यायची सवय झालीय त्याला त्याचं काही वाटत नाही. पण पहिल्यांदा खाली गेलेल्या माणसाला खाली-वर कळेनासं झालं, की छातीत धडधड सुरू होते आणि शिकवलेलं सगळं विसरायला होतं.

मी ते भोगलंय. 2013 च्या मे महिन्यात, सुट्टीच्या गर्दीत, मुंबईच्या पाहुण्यांबरोबर मीही हौसेने बोटीत बसलो. पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, तोंडात नळी दिली, आणि एकाने मागून टाकी धरून मला खाली दाबलं. बोटीत पंधराएक माणसं खोळंबलेली, त्यामुळे त्यालाही घाई. पाणी हिरवंगार, समोर फक्त पावाचे तुकडे टाकून जमवलेले मासे. कान दुखतोय हे मी हाताने सांगत होतो, तो मात्र मान हलवून फोटो काढत होता. वर आलो तेव्हा कानाला दडे बसलेले. पुढे आठ दिवस तुझी आई डाव्या बाजूने बोलली की मला ऐकूच यायचं नाही. त्याला मी स्कूबा म्हणत नाही. तो वीस मिनिटांचा फेरफटका, त्यात शिकणं काहीच नाही. इथे मन लावून शिकवणारीही माणसं आहेत. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या, केंद्रात तर खास शिकवण्यासाठी बांधलेला खोल तलाव आहे. सराव तिथे अवश्य करा. पण समुद्रातली पहिली डुबकी स्वच्छ पाण्यात असू दे.

कान का दुखतो ते नीट समजून घे, कारण जागा निवडायची ती त्यावरूनच. जमिनीवर आपल्यावर हवेचा एक दाब असतो. दहा मीटर खाली गेलं की तो दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरला तिप्पट. म्हणजे सगळ्यात मोठी उलथापालथ पहिल्या दहा मीटरांतच होते, अगदी नवशिक्या माणसाच्या वाट्याला. अंदमानात आमच्या शिकवणाऱ्याने झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली बरोबर खाली नेली होती. तळाशी ती कुणीतरी मुठीत आवळावी तशी चेपली, आणि वर येताना कटकट आवाज करत पुन्हा फुगली. कानातल्या, छातीतल्या हवेचंही तेच. म्हणून दर हातभर खाली जाताना नाक चिमटून हलकेच कानात हवा सोडायची, दुखायच्या आधी, दुखल्यावर नव्हे. आणि खाली छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, म्हणूनच तेव्हा श्वास कधीही रोखायचा नाही.

आता हे सगळं जमवायचं तर तळ हळूहळू उतरत जाणारा हवा, एकदम कडा नको. पाण्याला ओढ नको. वाळू हवी, म्हणजे गुडघे टेकून बसता येईल. गरम पाणी हवंच, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट भराभर ओढून घेतं. कुडकुडणाऱ्या माणसाची टाकीतली हवाही लवकर संपते आणि बोटंही ऐकत नाहीत. पण ऊब ही चारांतली एक अट आहे. तू तीच एक धरून बसला होतास.

तुझी यादी घेतो. लाल समुद्राचं पाणी आरशासारखं, पण उत्तरेकडे थंडीत ते 22 अंशांपर्यंत उतरतं. गायत्रीसाठी ते नको. थायलंडमधलं को ताओ बेट नवशिक्यांचंच आहे, उथळ, ऊबदार आणि स्वस्त. मात्र नोव्हेंबर-डिसेंबर तिथले पावसाचे महिने, आणि एकेका वर्गात गर्दी फार. मालदीवला आधी शिकून मग जा. तिथे प्रवाळाच्या कड्यांमधून समुद्राच्या वाटा असतात, त्यांना ते लोक कंडू म्हणतात. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्यातूनच आत-बाहेर करतं. संगमावर ओहोटीला कर्लीचं पाणी कसं खेचतं ते तू लहानपणी पाहिलंयस, तसंच काहीसं समज. मोठे मासे त्या ओढीपाशीच येतात, आणि पर्यटक त्यांच्यासाठीच तिथे जातात. शांत लगूनही, म्हणजे प्रवाळाच्या आतली उथळ तळीही, आहेत तिथे, पण एवढे पैसे मोजून लगूनच्या वाळूत मास्क रिकामा करायला शिकायचं, हे मला पटत नाही.

तुम्ही हॅवलॉकला जा. आता त्याचं नाव स्वराज द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम. तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

2016 साली एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, आम्ही गेलो होतो तेव्हा तुझी आई किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसली आणि मी 51 व्या वर्षी कोर्स केला. दोन नंबरच्या किनाऱ्यावर नेमो रीफ म्हणून जागा आहे. बोट लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालत आत जायचं, तळ सावकाश उतरत जातो. वाळूत मध्येमध्ये प्रवाळाचे खडक. शिकवणारा करेन समाजातला तरुण होता. इंग्रजांच्या काळात ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरकडे वसवलेली ही माणसं. पाण्यात तो तुझ्या आजोबांसारखाच वावरायचा, एक हालचाल जास्तीची नाही.

छातीभर पाण्यात त्याने मला वाळूवर गुडघे टेकवून बसवलं आणि खुणेने सांगितलं, मास्कमध्ये पाणी घे. मी कड उचलली, पाणी नाकात गेलं, घाबरून उभाच राहिलो. चार वेळा असंच झालं. तो रागावला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. पाचव्या वेळी त्याने माझं मनगट धरलं, स्वतःच्या मास्कमध्ये पाणी घेतलं, आणि डोळे उघडे ठेवून तसाच शांत बसून राहिला. पाच-सहा श्वास. नुसते बुडबुडे वर जात होते. मग मान किंचित वर करून, मास्कची वरची कड दोन बोटांनी दाबून, नाकाने लांब श्वास सोडला, आणि पाणी खालून निघून गेलं. मी तसंच केलं. जमलं. त्या क्षणी समोर एक वाव अंतरावर वाळूत एक छोटा गोबी मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देत होता आणि आतून एक झिंगा चिमटीने वाळू बाहेर टाकत होता. तो झिंगा मला अजून दिसतो. मालवणच्या त्या घाईत मला काहीच दिसलं नव्हतं.

एक खूण आधीच घोकून ठेवा. आपल्याला अंगठा वर करून "मस्त" म्हणायची सवय. पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चल". मी दोनदा केला, दोन्ही वेळा त्याने मला वर नेलं. ठीक आहे म्हणायचं तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ.

डिसेंबर सोडून दे. ईशान्य मोसमी पावसाचं शेपूट तिथे तोवर वळवळत असतं, आणि नाताळची गर्दी वेगळीच. फेब्रुवारी अखेर ते मार्च, समुद्र शांत, पाणी 27-28 अंश, वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राखणारा अंगाबरोबरचा पोशाख, पातळ असला तरी चालतो. ऑफिसात आत्ताच रजा टाक. कोर्सला तीन-चार दिवस, त्यात समुद्रात चार डुबक्या, जास्तीत जास्त 18 मीटरपर्यंत. आधी पोहण्याची परीक्षा असते, न थांबता 200 मीटर, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगत राहायचं. वेळेचं बंधन नाही, पण गायत्रीला आत्तापासून रोज तलावावर ने. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशी नावं तिथे कानावर पडतील. ती खोल जागांची नावं आहेत, पुढच्या खेपेला.

पैसे भरण्याआधी केंद्राला विचार: एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? बोटीवर ऑक्सिजन आहे का? दाब देऊन उपचार करण्याची खोली सर्वांत जवळ कुठे, तिथवर कसं नेणार? एकाला मध्येच थांबावंसं वाटलं तर? या प्रश्नांना जो वैतागेल त्याच्याकडे जाऊ नका, कितीही सूट देऊ दे.

परतीचं विमान शेवटच्या डुबकीनंतर निदान 18 तासांनी हवं. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. आणि खराब हवेत बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, तेव्हा एक दिवस हातचा ठेवा. तो दिवस सेल्युलर जेलसाठी द्या. सावरकरांच्या कोठडीपुढे मी उभा राहिलो तेव्हा कान अजून पाण्यानेच भरल्यासारखे होते, काही ऐकू येत नव्हतं, आणि तसंच बरं वाटलं.

प्रवाळाला हात लावू नका, पायातली फिन, म्हणजे पोहायची रबरी वल्ही, तीही लागू देऊ नका. तिथल्या प्रवाळाने 2004 ची त्सुनामी सोसली. 2010 च्या उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि खडकच्या खडक पांढरे पडले. आपल्याला सुखावणारी ऊब थोडी वाढली की त्यांच्या जिवावर उठते.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र. गायत्रीला लहानपणी दमा होता, हे तिच्या आईने लग्नाच्या वेळी सांगितलेलं मला आठवतंय. कोर्सच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो. "आता काही होत नाही" म्हणून "नाही" लिहून मोकळे होऊ नका. श्वासनलिका आवळली आणि हवा फुप्फुसात अडकली, तर वर येताना ती बाटलीसारखी फुगणार, आणि तिथे झाकण उघडायला कुणी नसतं. छातीच्या डॉक्टरकडे जा, त्यांना स्कूबाचं स्पष्ट सांगा, चाचणी करा, चिठ्ठी घ्या. त्यांनी नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल, मलाही वाटेल. मग तू एकटा कोर्स करू नकोस, दोघं मिळून नळी लावून वरच्यावर पोहा. नेमो रीफ वरूनही दिसतो. सर्दी असेल तर तुझ्याही बाबतीत तेच, त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही.

माझा मास्क कपाटात आहे, पण त्याचं रबर कडक झालंय, तो मागू नकोस. नवीन घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेव, नाकाने श्वास आत ओढ आणि हात सोड. चिकटून राहिला तर तुझा. आणि मिशी थोडी वरून कापून घे, नाकाखाली केस आले की तिथूनच पाणी शिरतं.

डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली ते कळव. आईने कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, शनिवारच्या गाडीने पाठवतो.

तुझा,
बाबा