ढिली पिन घरी ठोकू नका

संपादक साहेब, नमस्कार.
परवान्याचं पिस्तूल नाहीतर .३२ रिव्हॉल्वर असलेले काही जण फ्रेममधली, म्हणजे हत्याराच्या सांगाड्यातली, आतले भाग धरून ठेवणारी पिन ढिली झाली की घरीच हातोडीने टोक चेपतात किंवा फेविक्विक सोडतात, हे अतिच झालं. तो गोंद ट्रिगरच्या भागांत उतरला की सगळंच जाम. आधी बघा ना झिजलंय काय, पिन की भोक? पिन असेल तर बदलून भागतं, पण फ्रेमचं भोक लांबट झालं असेल तर जाड पिन बसवावी लागते आणि ते जाणकार कारागिराचंच काम. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार रिपेरिंगलाही लायसन्स लागतं, म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका, तो बिचारा पण अडकेल. आणि हो, हात लावण्याआधी गोळ्या काढल्यात ना ते दोनदा बघा. असे लायसन्सवाले कारागीर शोधताना फार वणवण होते, पोलिसांनी जिल्हावार यादी लावावी की!

– एक परवानाधारक वाचक