दिवाळीला येत नाहीये, पण पूर्ण वाचा

मेक्सिको सिटी
१६ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नको असलेलं आधी सांगून टाकते. मी दिवाळीला येत नाहीये. तिकीट नोव्हेंबरअखेरचं करून घेतलंय. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस, आणि तुझ्या त्या "बरं"पुढे माझं काही चालत नाही. म्हणून पत्र.

काल रात्री इथला ग्रीतो, म्हणजे स्वातंत्र्याच्या ललकारीचा सोहळा होता. १८१० मध्ये दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने चर्चची घंटा वाजवून स्पेनच्या राजवटीविरुद्ध लोकांना उठवलं. ती घंटा आता इथल्या राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जावर टांगलेली आहे. दर १५ सप्टेंबरला रात्री अकराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष ती वाजवतात आणि "विवा मेहिको" अशी ललकारी देतात. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा, बाबांच्या दुसऱ्या चहाची वेळ. यंदा सज्जात पहिल्यांदाच बाई राष्ट्राध्यक्ष होत्या, क्लाउडिया शेनबाउम. त्यांनी इदाल्गोच्या कटात सामील असलेल्या होसेफा ओर्तिसचं नाव घेतलं. आई, ही तुला आवडेल. कट फुटलाय हे कळल्यावर नवऱ्याने तिला खोलीत कोंडलं, तरी तिने निरोप पोचवलाच.

मी मात्र सज्जाकडे पाठ करून उभी होते. सज्जाचे फोटो काढणारे खूप असतात, मला समोरची माणसं हवी होती. सोकालो म्हणजे तिथला अवाढव्य चौक, एका बाजूला कॅथेड्रल, भोवतीच्या इमारतींवर दिव्यांची चित्रं. गालांवर हिरवा-पांढरा-लाल रंग, चिकटवलेल्या मिशा, फेसाचे फवारे, कानठळ्या बसवणाऱ्या पिपाण्या. आतषबाजीचा उजेड क्षणभरच टिकतो, त्यामुळे आकाशाकडे बघून उपयोग नाही. समोरच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला की बटण दाबायचं. शेजारी एक आजोबा होते, खांद्यावर नात. तिच्या एका भुवईवर फेस साचलेला, तोंड "विवा"च्या "आ"वर उघडलेलं, पुढचा दात पडलेला. आजोबांचे दोन्ही हात तिच्या घोट्यांवर घट्ट. त्यांना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा पुसून परत पाहिला.

बाबा, विसर्जनाला अलका चौकात मी अशीच तुमच्या खांद्यावर असायचे, तुमचे केस धरून. (तेव्हा होते!) गणपती कुठले पाहिले ते आठवत नाही, पण तुमच्या डोक्याला येणारा गुलालाचा वास अजून नाकात आहे. गर्दीत देव सोडून माणसं बघायची खोड तिथलीच, म्हणजे थोडा दोष तुमच्याही पदरात.

आता १ आणि २ नोव्हेंबरला इथे गेलेल्या माणसांचा सण असतो. घरोघरी त्यांचे फोटो, आवडीचं जेवण आणि झेंडूची फुलं मांडतात. झेंडू मूळचा इथलाच. ही रात्र आणि ते दोन दिवस मिळून माझं एक फोटोंचं काम पुरं होतंय. अर्धं टाकून आले तर पुन्हा यायला पैसे कुठून आणू? आणि दिवाळी दरवर्षी येते, असं म्हणणार होते, पण नको, तुम्हाला लागेल. घरमालकीणबाई त्यांच्या मांडणीत आजीचाही फोटो ठेवणार आहेत. आजीला काय आवडायचं विचारलं, तर मी खरवस सांगून बसले. आता त्यांचीच पंचाईत. नोकरीचं मात्र पुन्हा काढू नका, ते पाडव्याला बोलून झालंय.

माझी काळजी नको. खोली पहिल्या मजल्यावर आहे, गरम पाणी भरपूर. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या पोळ्या, अवोकाडो, पोट तुडुंब भरतं. शहर २,२४० मीटर उंचीवर, म्हणून रात्री गारठा असतो, पण तुझा स्वेटर आहे. काल पाकीट पोटाशी बांधलं होतं आणि परतताना एकटी नव्हते. आणि १९ तारखेला इथे भूकंपाचे भोंगे वाजतील. १९८५ आणि २०१७ चे भूकंप त्याच तारखेचे, म्हणून दरवर्षी सराव असतो. टीव्हीवर दिसलं तर शेजारी धावू नका.

बाबा, थेंब वेळेवर घाला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरातच करायचं, तारीख पुढे ढकलायची नाही, मी तोवर आलेली असेन. माळ्यावरचे दिवे काढायला स्टुलावर कुणीही चढायचं नाही. कुणीही म्हणजे आई, तूसुद्धा. गुडघा आठव. खालच्या पोराला हाक मार, तो काढून देईल. चकल्या यंदा विकत आणा, दादाला कळणारसुद्धा नाही. त्याच्या फोनवर फोटो पाठवलेत, मोठे करून बघा.

अनारशाचं पीठ तेवढं माझ्या वाटणीचं राखून ठेव. ते टिकतं.

तुमची,
चिमी