सुदान ब्लॉकमधली झोप

इंदूर

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ड्रिल, रगडा म्हणजे ती शिक्षेची दमवणारी कसरत, सायकलवरची धावपळ, सगळं तिनं दोनदा वाचायला लावलं. शेवटी तू लिहिलंयस की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे तुमच्या एनडीएच्या, सुदान ब्लॉक इमारतीतल्या वर्गात झोप आवरत नाही, आणि मिलिटरी हिस्ट्री वाचून काय करायचं, खरा कस मैदानावरच लागतो. त्या ओळीसाठी हे पत्र.

तुझा जीव मैदानात का अडकलाय, ते मला कळतं. एनडीएत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी गेली, त्यातल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये पास आउट झाल्या. त्यांच्या मागून येणाऱ्या तुम्हा मुलींकडे लोक अजून धावण्याच्या वेळा बघूनच बोट दाखवणार. तेव्हा धाव, जोरात धाव. पण वर्ग म्हणजे दोन रगड्यांमधली विश्रांती, असं मनात धरू नकोस.

महू आपल्या घरापासून तासाभरावर. तिथलं आर्मी वॉर कॉलेज १९७१ साली कॉलेज ऑफ कॉम्बॅट म्हणून सुरू झालं. तिथे शिकायला येतात ते मेजर आणि कर्नल! नोकरीची बरीच वर्षं झाल्यावर ज्युनियर कमांड, पुढे सीनियर कमांड, मग हायर कमांड. गेल्या हिवाळ्यात जानापावकडे जाताना रस्त्यालगतच्या माळावर असे काही अधिकारी बसलेले दिसले. कानशिलं पांढरी, मांडीवर नकाशाचा बोर्ड, वर पारदर्शक कागद. एक जण उभा राहून समोरच्या टेकडीवर हल्ला कसा चढवीन ते सांगत होता. बाकीचे त्याला सोडत नव्हते. दारूगोळा कुठून येणार? जखमी कुठून काढणार? त्यानं ओठ आवळले, अंगठ्यानं रेघ पुसली आणि दुसऱ्या नाल्यातून नवी काढली. ह्याला टेव्ट म्हणतात हे तुला माहीत असेलच. जवान नाहीत, गोळी नाही, नुसता विचार. पण त्या पुसलेल्या रेघेवर उद्या माणसं चालली असती.

आणि मैदानावरच्या कसाचं म्हणशील, तर आपल्या माळव्यातलंच महिदपूर घे. २१ डिसेंबर १८१७. क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या तोफा अशा मांडलेल्या की एकाच उतारानं नदी ओलांडणारी इंग्रजी फौज थेट माऱ्यात आली. गोलंदाज हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. शौर्याला तोटा नव्हता गं! पण गादीवरचे दुसरे मल्हारराव अवघे अकरा वर्षांचे, कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच दिवशी दरबारातल्यांनी खून केलेला, आणि सगळ्या फौजेला एका सूत्रात बांधणारं कुणी नाही. जीव देणाऱ्या माणसांना त्यांच्या तोलाचा सेनापती मिळाला नाही. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि त्यापाठोपाठ महूला इंग्रजांची छावणी बसली. आज आपले अधिकारी जिथे शिकतात, ती हीच छावणी. महूला गेलो की मला दर वेळी ते गोलंदाज आठवतात.

तुझ्या हाताखाली उद्या तुझ्याहून दुप्पट वयाचे सुभेदारसाहेब असतील. त्यांच्याइतकं लांब चालायला तू शिकशीलच. पण धुक्यात वाट चुकल्यावर ते तुझ्याकडे बघतील, तेव्हा पायांपेक्षा डोक्यात काय साठवलंयस तेच कामी येईल. म्हणून पहिल्या बाकावर बस, झोप आली तर उभी राहून लिही, प्राध्यापकांना प्रश्न विचार. इंग्रजीही सोडू नकोस. हुकूम चार ओळींत, दुसरा अर्थ निघणार नाही असा लिहिता येणं ही लहान गोष्ट नाही.

सध्या वर्गात कोणती मोहीम चालू आहे ते पुढच्या पत्रात कळव. मी इथल्या वाचनालयातून तिच्यावरचं पुस्तक काढून आणतो आणि सोबत वाचतो. सुट्टीत आलीस की आपण महिदपूरला जाऊ. नदीचा उतार आणि तोफांची जागा तू मला समजावून सांगायचीस, नकाशा घेऊन.

तुझे,
बाबा