तुळशीतल्या मुंग्या

धुळे,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. आप्पा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर मला खोटं बोलायची सवय लागली आहे, म्हणून. "बरी आहेस ना?" हे तुझं वाक्य संपायच्या आत माझं "हो" तयार असतं. कागदावर तेवढं पटकन जमत नाही.

आधी सोपं तेवढं कबूल करते. आई, तू उगाळलेली गुटी मी पोरीला एकदाही पाजली नाही. सकाळी न्हाऊ घालायच्या आधी तू सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, एकेकाचे मोजून वेढे द्यायचीस, वर मधाचं बोट फिरवायचीस आणि वाटी माझ्या हातात देऊन पाणी तापलं का ते बघायला न्हाणीकडे वळायचीस. तेवढ्यात माझा हात खिडकीच्या गजातून बाहेर जायचा. खाली तुळशीची कुंडी. सव्वा महिना हेच चाललं. जूनमध्ये तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "तुळसले इतल्या मुंग्या कथाईन उन्यात?" आणि कुंडीभोवती हळद टाकलीस. मी मान खाली घालून पाळण्याची दोरी ओढत बसले. मधाच्या मुंग्या होत्या त्या, आई.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, सहा महिने अंगावरचं दूध सोडून काही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. मधात कधी कधी एका जंतूचं बी असतं, ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतं. मोठ्यांचं पोट ते पचवतं, तान्ह्यांचं नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं. पण तू माझ्यासाठी पहाटे पाचला उठत होतीस, तुझे गुडघे दुखत होते, आणि समोर काकू बसलेली. "आम्ही काय पोरं मारली का?" या वाक्यापुढे कोण बोलणार?

तशी या घरात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते. आप्पा, सांगू का?

केळीच्या मुलखात बाळंतीण झाले आणि केळ्याला बंदी! "केयं थंड ऱ्हास, पोरले खोकला व्हई." वांगं वातूळ, कळण्याची भाकरी जड, भेंडी नको, दही नको. मुगाचं वरण आणि मेथी, पुन्हा मुगाचं वरण आणि मेथी. दूध पाजणारीला रोज सहाशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात, आणि माझी भूक तर अशी की पाटासकट खाईन. (आईचे डिंकाचे लाडू मात्र डॉक्टरांनीही खा म्हटलं, तेवढ्यावर आई जिंकली.) दुपारी सगळ्या निजल्या की आप्पा पेपर वाचायच्या निमित्ताने उंबऱ्यात यायचे आणि पेपर ठेवून जायचे. घडीत दोन केळी. सालं परत पेपरात गुंडाळून गोठ्यात. आई, तुझ्या म्हशीने सगळा पुरावा खाल्ला.

चिकाच्या वेळीही आप्पांनीच वाचवलं. नर्सने पहिल्या तासातच पोरीला अंगाला लावलं, तेव्हा काकू म्हणाली की पहिला चीक पिळून टाकायचा असतो, तीन दिवस साखरपाणी द्यायचं. आप्पा दाराबाहेरूनच बोलले, "वासरूले चीक नही पाजा ते जगस का ते?" पुढे काकू त्या विषयावर बोलली नाही. डॉक्टरांना हेच समजवायला पंधरा मिनिटं लागली असती.

आता नवव्या दिवसाची रात्र. मे महिना, चोपड्यात पारा ४४ वर, खोलीची दारं-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा. पोर टोपडं, झबलं, वर दोन दुपटी अशी बांधलेली. रात्री दीडला तिला उचललं तर अंग तव्यासारखं. काखेत थर्मामीटर धरला, १००.६. काकूने मीठ-मोहरी उतरवली, चुलीत टाकली, वास आला नाही म्हणजे नजर भारी आहे म्हणाली. तू म्हणालीस सकाळपर्यंत बघू. मला डॉक्टरांचं एकच वाक्य आठवत होतं: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर ताप असेल तर वाट बघायची नाही, दिवस असो की रात्र. मी ते मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर ते तुझ्याविरुद्ध गेलं असतं, असं वाटलं. नुसती रडत राहिले. शेवटी आप्पांनीच गाडीची किल्ली काढली.

दवाखान्यात दुपटी सोडली आणि तासाभरात ताप उतरला. तरी त्यांनी रक्त तपासलं, एक दिवस ठेवून घेतलं. काही निघालं नाही, गुंडाळण्याचा आणि शेगडीचा उष्मा. डॉक्टर म्हणाले, आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, बस. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, त्याला वासही नसतो. घरी आलो तर बाजेखाली शेगडी नव्हती. तू विचारलंस तेव्हा आप्पा म्हणाले, "कोयसा ओला व्हई गया." मे महिन्यात, चोपड्यात, कोळसा ओला! तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि काही बोलली नाहीस. मला आजही कळलेलं नाही की तुला तेव्हाच सगळं समजलं होतं की काय.

त्या रात्रीनंतर माझं बिघडलं. हेच फोनवर सांगता येत नाही.

पोरीचं वजन पाचव्या दिवशी २ किलो ७०० वरून २ किलो ४८० झालं होतं. पहिल्या आठवड्यात तेवढं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं, तसं आलंही. पण मावशी म्हणाली दूध पुरत नाही, डब्याचं दूध लावा. सासूबाई फोनवर म्हणाल्या डबा लावू नका, शतावरी घे. नणंद व्हिडिओ पाठवायची. मी सगळ्यांना "हो" म्हणायचे. माता-बाल कार्डाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने ओल्या लंगोटांच्या रेघा मारायचे, सहा झाल्या की दूध पुरतंय. सहा व्हायच्या, कधी आठ व्हायच्या, तरी मी पुन्हा मोजायचे. रात्री ती झोपली की तिच्या नाकापाशी हाताची पालथी बाजू धरून बसायचे. श्वास लागला की हात काढायचे, मिनिटाने परत धरायचे. पहाट व्हायची.

तुम्ही म्हणायचात, बाळंतीण रडली की दूध आटतं. मग मी न्हाणीत पाणी ओतता ओतता रडायला लागले.

आशाताई ठरल्या दिवशी यायची, ३, ७, १४, २१, २८. दर वेळी बाळाचं वजन, बाळाची नाळ, बाळाचं अंग. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने तराजू पिशवीत भरला आणि जाता जाता विचारलं, "ताई, तुम्ही झोपता का?" एवढंच. मी तिच्यापुढे हमसून रडले. ती म्हणाली, पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं. त्यापुढे राहिलं तर तो आजार असतो, त्याला औषध आहे, लाजायचं नाही. जाताना कार्डावर नंबर लिहून गेली, १४४१६. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेली फुकट लाइन. तू दुपारी शेवया वाळवायला गच्चीवर गेलीस तेव्हा मी गोठ्यात जाऊन फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली. आप्पांची म्हैस सारखी ओरडत होती, तिला ऐकू गेलं असणार, पण तिने विचारलं नाही.

धुळ्याला आल्यावर हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्याचा. पहिलाच प्रश्न हसण्याबद्दल होता. मला तुळशीतल्या मुंग्या आठवल्या आणि हसू आलं नाही, तेव्हा कळलं की आपलं खरंच बिघडलंय. गोळी चालू आहे, पाजताना चालणारी आहे, विचारून घेतलंय. दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलते. आता चार-चार तास झोपते. आज मुंग्यांचं लिहिताना हसले, हे शेजारून विचारताहेत काय झालं.

आई, तुझी मालिश मात्र मी इथेही सोडली नाही. तेल कोमट करून, पायापासून वर, तू करायचीस तशीच. तेवढा अर्धा तास पोरगी आणि मी दोघी गप्प असतो.

आप्पा, आता तुमचं. बीपीच्या गोळ्यांची पट्टी देवळीतल्या डब्यात तशीच भरलेली असते आणि तुम्ही वैदूची पुडी घेता, हे मला मेमध्येच दिसलं होतं. मी आईला सांगितलं नाही. आता सांगतेय.

भाऊबीजेला आम्ही अमळनेरमार्गे एसटीने येऊ, दुपारपर्यंत पोचू. दिवाळी झाली की चारच दिवसांत पोरीला सहा महिने पुरे होतात, तिचं उष्टावण तुमच्याकडेच करू. मऊ वरणभात चालेल, पण पहिला घास केळ्याचा, चुरून. आप्पा, चांगला घड बघून आधीच पिकत घाला, औषधावर पिकवलेला नको. काकूला काय सांगायचं ते आई तू बघ, मला जमणार नाही.

सहाण ठेवून देऊ नकोस. मांड्यांच्या पुरणाला जायफळ लागेल. आणि कुंडीतली माती बदलून घ्या, मुंग्या अजून असतील.

तुमची,
ताई