बाबू, उत्तरार्धालाच जा

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या जानेवारीतल्या संगीत महोत्सवाला जायचं म्हणतोस, तर जा. पण तू नुकताच लेप्टोतून, म्हणजे उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापातून, उठलायस. लेप्टो काही गर्दीत माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा शेजारी बसणाऱ्याची काळजी नको. चौकशी करणारे मात्र भेटतीलच. प्रत्येकाला तापाच्या पहिल्या दिवसापासून सांगत बसलास, तर गाण्याआधीच दमशील. "आता बरा आहे, सावकाश फिरतोय. आधी कोण बसणारेत?" एवढं पुरे. खरा रसिक लगेच गाण्यावर येतो.

सगळ्या दिवसांच्या पासाचा हट्ट यंदा सोड. एकच संध्याकाळ निवड, शक्यतो शनिवारची. या आजारानंतरचा थकवा त्या रात्री कळतच नाही. गाण्याच्या भरात अंग हलकं वाटतं आणि वसुली दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी होते: पिंढऱ्या भरून येतात, जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. म्हणून रविवार मोकळा ठेव. असं झालं तर पुढच्या वेळी निम्माच वेळ बस, नाही झालं तर अर्धा तास वाढव. आदल्या आठवड्यात मारुती मंदिराला मित्रांबरोबर तासभर बसून बघ. तेवढं झेपलं नाही, तर मैफलीचा विचार पुढे ढकल.

त्या संध्याकाळीसुद्धा अख्खा कार्यक्रम नको. मध्यंतराला पोच. मुख्य कलाकार बहुधा उत्तरार्धातच बसतात, आणि खास परवानगी नसेल तर उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे जागरणही फार होत नाही. मधेच उठायचं झालं तर एक राग संपून तानपुरे पुन्हा जुळवायला घेतात, तेव्हा ऊठ.

पुढच्या गादीवर बसू नकोस, मागची कडेची खुर्ची धर. बराच वेळ मांडी घालून एकदम उठलं की रक्त पायातच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अधूनमधून घोटे फिरव, उठल्यावर खुर्चीची पाठ धरून मिनिटभर थांब. स्पीकरच्या तोंडासमोरची जागाही टाळ. शास्त्रीय गाण्याचा आवाज सोसवतो, शिमग्यातल्या डीजेचा नाही. शंभर डेसिबलला पाव तास हीच कानाची मर्यादा धरतात, आणि आपल्याकडे तो रात्रभर वाजतो.

निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज किंवा कुळथाची पिठी-भात खा, उपाशी जाऊ नकोस. पाण्याची बाटली बरोबर ठेव. शहाळ्याचा आग्रह सगळे करतील, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन अजून चढं असेल तर मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जड जातं, म्हणून आधी डॉक्टरांना विचार. डोकं ठणकलं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नकोस. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालेल. मित्रांच्या पार्टीत बिअरला सरळ नाही म्हण, यकृत नुकतंच सावरलंय.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लेप्टोनंतर काही महिन्यांनीही डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. स्टेजचे दिवे टोचायला लागले, डोळा लाल होऊन दुखला, धूसर दिसलं किंवा काळे ठिपके तरंगले, तर जागरणावर ढकलू नकोस. एक-दोन दिवसांतच डोळ्यांच्या डॉक्टरला गाठ. दुकानातून थेंब आणून घालत बसलं आणि उपचार लांबला, तर नजरेवर बेततं.

उघड्यावर रात्री दव पडतं. कानटोपी, शाल आणि पायात मोजे हवेत. परतताना मोटारसायकलवर डबलसीट नको. रिक्षावाल्याला जातानाच परतीची वेळ सांगून ठेव, कार्यक्रम सुटला की रिक्षा मिळत नाही.

गावच्या जत्रेचं म्हणशील, तर दशावतार पहाटेपर्यंत चालतो. यंदा आड दशावतारातला, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागातला, संकासूर राक्षस बघायचा आणि आख्यान सुरू व्हायच्या आत घरी येऊन झोपायचं. काका हसतील, हसू देत.

पास काढण्याआधी रक्त तपासून घे आणि क्रिएटिनिनचा आकडा मला फोनवर कळव. नुसतं "नॉर्मल आहे" नको.

तुझी,
आई