खाडीपलीकडे ऐकू जाईल असा रेडिओ

दापोली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. आमच्या संस्थेने सामुदायिक रेडिओ केंद्राच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या परिसरापुरत्या चालवायच्या छोट्या एफएम केंद्राच्या, परवान्यासाठी अर्ज करायचे मनावर घेतले आहे, हे कळताच तू दोन प्रश्न विचारलेस: ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असताना रेडिओ ऐकणार कोण, आणि ऐकलाच तर त्यावर रोज लावणार काय? पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण माझे सारे लक्ष दुसऱ्यात अडकले आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळले आणि आमच्याकडची वीज व मोबाइल एकदमच बंद पडले. पुढे कित्येक दिवस शेजारच्या गावात कोणाचे छप्पर उडाले, कोणता रस्ता मोकळा झाला, नळाला पाणी कधी येणार, हे कळण्यासाठी माणूस धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सेलवर चालणारा रेडिओ काही घरांत होता. पण त्यावर आमच्या वाडीबद्दल बोलणारे कोणी नव्हते. केंद्रालाही वीज लागते, हे तू म्हणशीलच. मात्र शंभर वॉटचे प्रक्षेपण जनरेटरवर रेटता येते.

आता दुसरा प्रश्न. परवाच्या बैठकीत एकाने कार्यक्रमांचा तक्ता मांडला: सोमवारी लोककला, मंगळवारी पर्यावरण, बुधवारी ग्रामपंचायत. तक्ता नेटका होता आणि मला मुळीच पटला नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गावातली देवराई घे. देवाच्या नावाने राखलेले ते रान, कौल घेतल्याशिवाय तिथे कुऱ्हाड चालवायची नाही हा दंडक, आणि तो पाळायला लावणारे मानकरी, ही झाली संस्कृती. त्याच रानातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, आणि त्याच्याच पायथ्याच्या झऱ्यावर खालची वाडी पाणी भरते. हा झाला निसर्ग. मग देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा सभामंडप ठरतो, चार मोठी झाडे आड येतात आणि वाद ग्रामसभेत जातो. हा कार्यक्रम कोणत्या वारी लावायचा? समुद्राचेही तसेच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, हा सरकारी नियम. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटायची, ही त्याहून जुनी रीत. आणि दोन्हींच्या मुळाशी खवळलेला दर्या आणि माशांच्या विणीचा हंगाम. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला उभे राहून कोणालाही विचार, तो या गोष्टी वेगवेगळ्या करून सांगणार नाही.

नमुन्यादाखल आम्ही काही ध्वनिमुद्रणे केली, त्यातले एक मला फार शिकवून गेले. मे महिन्यात एका आजींच्या पडवीत रातांबे फोडायचे काम चालले होते. आमसुले कशी करतात ते विचारावे, इतकाच आमचा बेत होता. माइक समोर धरताच त्यांचे बोलणे पाठ्यपुस्तकातल्यासारखे झाले, ‘आमच्या येथे कोकम हे फळ होते’ वगैरे. तेव्हा आम्ही माइक रुमालात गुंडाळून टोपलीच्या कडेला ठेवून दिला (रुमालाने वाऱ्याची घरघरही थांबते) आणि आम्हीही फोडायला बसलो. साले एका परातीत, गर दुसऱ्या परातीत, हात कोपरापर्यंत लाल. सालांना मीठ घातलेल्या रसाची किती पुटे द्यायची हे सांगता सांगता त्या आपसूक पऱ्यावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, आल्या: पूर्वी शिमगा उलटला तरी त्याला पाणी असे, आता बोअरवेल वाढल्या आणि तो पौषातच आटतो, दरवर्षी सारी वाडी मिळून पाणी अडवायला विजय बंधारा (तात्पुरता कच्चा बांध) घालीत असे, तो आता कोणी घालत नाही, आणि शेवटी, पंचायतीने पैसे कशावर घातले ते एकदा विचारा. हे सगळे त्यांच्या स्वतःच्या बोलीत, मधूनमधून सुरी परातीवर आपटल्याचा आवाज. त्यांच्या संमतीने ते तसेच ठेवले आहे; एकाही वाक्याचे प्रमाण मराठीकरण होऊ देणार नाही.

सुदैवाने नियम या बाबतीत आडवे येत नाहीत. 1995 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले, आणि ते सांगणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, याचे मला मराठी माणूस म्हणून कौतुक वाटते. स्वयंसेवी संस्थांना दार उघडायला मात्र 2006 साल उजाडले. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत आणि ते शक्यतो तिथल्या भाषेत, बोलीत असावेत, असे धोरणच म्हणते. बातम्या फक्त आकाशवाणीच्या, हे बंधन मला जाचक वाटते. पण हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षांचे निकाल, आपत्तीची सूचना यांना धोरण बातमी मानत नाही. म्हणजे पंप बंद आहे हे बेधडक सांगता येईल, तो का बंद आहे हे सांगताना जीभ जपावी लागेल. तिथे शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडी या आपल्या कोकणी लोकनाच-गाण्याचे, शाहीर कामी येतील. जाखडीच्या बारीत (दोन संघांच्या सामन्यात) सवाल-जवाब रंगला की रस्त्याचे खड्डे गाण्यात येतातच, आणि गाणे ही काही बातमी नव्हे! मात्र त्यांची बारी लावायची तर मानधन दिले पाहिजे, यावर मी अडून बसलो आहे. ‘आपलीच माणसे’ म्हणून कलावंताला फुकट राबवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे.

साताऱ्याकडच्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि तेलंगणातल्या माचनूरचा संघम रेडिओ, ही दोन्ही सामुदायिक केंद्रे 2008 पासूनची. संघम रेडिओ तर दलित शेतकरी स्त्रियांनी उभा केला. त्यांचा आदर्श आमच्या सभासदांच्या तोंडी सतत असतो, आणि नेमकी तिथेच माझी काळजी सुरू होते. त्यांच्याकडे पठार आहे. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, आणि आपली गावे एकतर सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळाच्या, कुशीत, नाहीतर खाडीच्या वळणात दडलेली. नियमाने मनोऱ्याची उंची तीस मीटरपर्यंत, प्रक्षेपणाची ताकद शंभर वॉट. कागदावर दहा-बारा किलोमीटर दिसले तरी मधे एक डोंगर आला की पलीकडची वाडी मुकी. मनोरा सड्यावर उभारला तर बंदरापर्यंत पोचेल असे मला वाटते, पण कड्याच्या थेट पायथ्याशी असलेल्या कोळीवाड्याचे काय? वादळाची सूचना सर्वांत आधी त्यांनाच हवी.

तुझी उभी नोकरी बिनतारी संदेशयंत्रणेत गेली, म्हणून हे गाऱ्हाणे तुझ्याच पुढे घालतो. सोबत तालुक्याच्या नकाशाची प्रत पाठवत आहे. त्यावर मला सुचलेल्या दोन जागांवर खूण केली आहे. शक्य तर दिवाळीनंतर चार दिवस सवड काढून ये, म्हणजे एक चाचणी-यंत्र सड्यावर ठेवून आपण खाडीकाठाने रेडिओ घेऊन फिरू. ते जमणार नसेल, तर कोणती जागा खोडायची एवढे तरी अर्जाची मुदत संपण्याआधी कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र