पाकिटात जम्मीची पानं आहेत

काचीगुडा, हैदराबाद
४ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असतात, म्हणून लिहितेय. शिवाय पाकिटात एक वस्तू घालायची आहे.

यंदा मी बतुकम्मा रचली, ती इथल्या बायकांच्या सणातली फुलांची उतरंड. हसू नकोस. सत्तावीस वर्षं या गल्लीत काढली, पण हा त्यांचा सण म्हणून मी आपली गॅलरीतून बघायची. सर्वपित्रीला सकाळीच समोरच्या अक्कांनी दार वाजवलं, "वदिना, गुडीमल्कापूरला चला." फुलांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. झेंडूचे ढीग होतेच, पण खरी झुंबड तंगेडूसाठी. जुडी हातात घेऊन बघते तर काय, आपला तरवड! परभणीला आजोबांच्या शेताच्या बांधावर माजायचा, कुणी ढुंकून बघायचं नाही. इथे तो राज्याचं फूल होऊन बसलाय. आणि 'गुनुगु' म्हणतात ते आपलं कुरडू. आजी त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करायची आणि आम्ही नाकं मुरडायचो. त्याचीच जुडी मी घासाघीस करून तीस रुपयांना आणली.

परातीत भोपळ्याची पानं पसरायची. त्यावर कडेने फुलांची गोल रांग, देठं आत. मधल्या पोकळीत देठापानांचा चुरा दाबून भरायचा, मग त्यावर जरा आत सरकून दुसरी रांग. कुरडूचे शेंडे गुलाबी-निळ्या रंगात बुडवून घेतात. सगळ्यात वर हळदीची गौरम्मा. माझं मधलं भरणच सैल राहिलं आणि चौथ्या थराला बतुकम्माबाई एका अंगाला कलल्या. अक्का काही बोलल्या नाहीत. वरचे दोन थर उतरवले, मूठभर देठं कोंबली आणि परात पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

संध्याकाळी फेर. गाण्याचे शब्द येईनात, पण दर ओळीला 'उय्यालो' येतं, तेवढं मी ठणकावून म्हणायची. भुलाबाईला निदान खिरापत ओळखावी लागायची. इथे चपाती कुस्करून केलेला गुळाचा मलिदा न ओळखताच हातावर पडतो.

सहाव्या दिवशी मात्र बतुकम्मा रचत नाहीत. त्या दिवशी ती रुसलेली असते. तो शुक्रवार, २६ तारीख, आणि त्याच रात्री मुसी नदी चढली! उस्मानसागर, हिमायतसागरचं पाणी सोडलं, इमलीबनच्या बसस्टँडमध्ये पाणी शिरलं, अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. चादरघाटचा पूल बंद. १९०८ चा तो मोठा पूरही सप्टेंबरातलाच, २८ तारखेचा. हे दोन्ही तलाव त्याच्यानंतर बांधले. अक्का म्हणाल्या, "बघा, रुसली." मला हसू आलं नाही. तू त्याच रात्रीच्या बसने निघायचं म्हणत होतास. तुझी सुट्टी नाकारणाऱ्या साहेबाला आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला.

सद्दुलाला, म्हणजे शेवटच्या दिवशी, आम्ही सगळ्या जणी हुसेनसागरच्या काठी टँकबंडवर गेलो. चिंचेचा भात, दहीभात, तिळाचा भात, आणि गर्दी अशी की माझी चप्पल तिथेच राहिली.

दसरा यंदा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीला, मटणाची दुकानं बंद. इथे दसरा आणि मटणाशिवाय! बुधवारीच दुकानांपुढे रांगा. तुझे बाबा शाकाहारी, तरी रांग बघायला म्हणून गेले आणि इराण्याकडे चहात उस्मानिया बिस्किटं बुडवून तासाभराने आले.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी अक्कांकडे गेले, नेहमीप्रमाणे. दरवर्षी त्या ती देवापाशी ठेवायच्या आणि मला जम्मी, म्हणजे शमी द्यायच्या. सोनं दोन्हींना म्हणतात, तरी मी घरी येऊन त्यांची पानं खिडकीत ठेवायची आणि आपट्याचीच देवापुढे. यंदा दोन्ही एकाच वाटीत ठेवली. बाबांनी विचारलं, "आपलं सोनं कुठलं?" मी म्हटलं, "निवडत बसा."

तुला त्यातली जम्मीची पाठवतेय. आपटा पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पाकीट उघडताना खाली ताटली धर. पानं बारीक आहेत, सांडतील.

तुझी,
आई